रिकाम्या पोर्टमधला दिवा

१

लग्न होऊन मी या घरात आले ती दोन सुटकेस, एक कुंडी आणि एक नोकरी घेऊन. सुटकेस कपाटावर चढल्या, कुंडी सासूबाईंनी ताब्यात घेतली. नोकरी तेवढी माझ्याकडे राहिली, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर.

ऑफिस दुसऱ्या शहरात आणि मी इथे. 'घरून करून बघ, तीन महिन्यांनी ठरवू,' असं मॅडम म्हणाल्या होत्या. ते तीन महिने या गुरुवारी संपत होते. त्याच गुरुवारी सकाळी सव्वाअकराला मला नऊ रक्तपेढ्यांच्या नोंदी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायच्या होत्या. पाऊण तासात, पेढ्यांचं काम चालू असताना, मध्ये लाइन न अडकता. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर मॅडम गोड आवाजात म्हणणार, 'संसारात रमलीस वाटतं.'

संसारात रमायला माझी हरकत नव्हती. नुसत्या संसारात रमायला होती.

मला काम करायला वरची मागची खोली मिळाली. खोलीच्या मधोमध टेबल, समोर कोरी भिंत आणि कोपऱ्यात बाबांचं लिनक्सचं मशीन, म्हणजे त्यांनीच जुळवलेला एक जुना कॉम्प्युटर. बाबा म्हणजे माझे सासरे. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. इंटरनेटची बाहेरची लाइन आधी या मशीनमध्ये शिरते आणि मग घरभर जाते. दुकानातला तयार राउटरचा डबा त्यांना चालत नाही. "त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं का कुणाला?" लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "लोक सुनेला अंगावर घालायला काहीतरी देतात." बाबा म्हणाले, "ते कोणीही देईल."

आतापर्यंत माझी कामाची पाळी दुपारची होती. या सोमवारपासून ती सकाळची झाली आणि सोमवारीच अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइन बसली. अकरा पन्नासला उठली.

लाइन मंदावणं यात नवल नाही. पण खराब लाइनचा आलेख थरथरतो. वर जातो, खाली आपटतो, मध्येच श्वास घेतो. हा आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट होता. चौसष्ट किलोबिट, चाळीस मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. आमच्या लाइनच्या मानाने म्हणजे धबधब्याच्या जागी सलाइनची नळी. बिघाड इतका शिस्तीचा नसतो. कोणीतरी मुद्दाम मर्यादा घातली होती.

२

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, मघाशी हाक मारली तर 'आले' म्हणालीस. मी आपली वाट बघत बसले जिन्याखाली."

"मी? माझ्या कानात हेडफोन होते, आई. हाक ऐकूच आली नाही."

"म्हणजे मीच मला 'आले' म्हणाले?"

"अकरा ते बारा वर हाक मारायची नाही, हे किती वेळा सांगितलंय," बाबा ताटातून वर न बघता म्हणाले.

"तेव्हा वर कोणी नसायचं. आता आपली सून बसते तिथे. तिला काय पत्र लिहू?"

मी विषय बदलला. "बाबा, सकाळी लाइन हळू होते का हो?"

"होते थोडी." त्यांनी पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. "त्या वेळात दुसरं काहीतरी करत जा."

नवी सून 'आले' म्हणून येत नाही, एवढं त्यातून माझ्या खात्यावर जमा झालं. मी गप्प बसले. गप्प बसणं हे माझं जुनं कौशल्य आहे. लोकांना ते सोशिकपणा वाटतं आणि मला तोवर विचार करायला वेळ मिळतो.

मंगळवारी मी तयारीत होते. अकरा दहाला आलेख सपाट झाला तशी मशीनमध्ये शिरले आणि नियमांची यादी काढली. मर्यादा तिथेच होती. घराची केबल जिथे खोचतात त्या पोर्टवर, एका ओळीत, कोणीतरी नीट हाताने लिहावी तशी. मी ती ओळ उडवली. लाइन धाडकन मोकळी झाली. दोन मिनिटांचं काम. खुशीत मी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालून आले.

जिन्यात सासूबाई भेटल्या. हातात बादली बघून थबकल्या.

"तू गच्चीवर होतीस?"

"हो, का?"

"आत्ता वरच्या खोलीत पाठमोरी उभी होतीस. भिंतीकडे तोंड करून. मी बोलले, तर वळली नाहीस." मग स्वतःशीच म्हणाल्या, "चष्मा बदलायला झालाय."

मला त्यांचं म्हणणं लगेच पटलं. चष्म्याचं पटणं फार सोयीचं असतं.

३

मशीनच्या मागे तीन पोर्ट आहेत. एकात बाहेरची केबल, एकात घराची. तिसरा रिकामा, त्यात धूळ बसलेली.

त्या दिवशी साडेअकराला मी खाली वाकून पाहिलं तेव्हा तिसऱ्या पोर्टचा दिवा लागलेला होता.

ज्यांनी हे दिवे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी चालू असेल तरच हा दिवा लागतो. केबल नसेल तर दिवा नाही. याला अपवाद मी पाहिलेला नाही. इथे केबल नव्हती, आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. लुकलुकणं म्हणजे नुसतं जोडलेलं नव्हे. काहीतरी ये-जा करतंय.

मी पोर्टमध्ये फुंकर मारली. धूळ उडाली, दिवा तसाच. करंगळी आत घातली. बोटाला काही लागलं नाही, फक्त आत जरा ऊब होती, कोणी नुकतंच हात काढून घेतल्यासारखी. मशीन गरम होतंच, मी मनाशी म्हटलं. कार्ड जुनं आहे. दिव्याचं सर्किट गेलं असेल.

मग मी मोजणी काढली, कारण दिवा खोटं बोलला तरी मोजणी बोलत नाही. बाहेर गेलेलं: शून्य. आत आलेलं: आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

अकरा पन्नासला दिवा विझला आणि आकडा थांबला.

४

बुधवारी मी काही उडवायचं नाही असं ठरवलं. आधी मोजायचं, मग हात लावायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि मंगळवारी मी तो उलटा गिरवला होता. तिसऱ्या पोर्टमधून जे आत येईल ते सगळं फाइलमध्ये साठवायची सोय केली आणि हात बांधून बसले.

अकरा नऊला उडवलेला नियम परत आला. अकरा दहाला दिवा लागला. मध्ये केव्हातरी खालून सासूबाईंची हाक आली, "अगं, पार्सल आलंय गं!" हेडफोन नव्हते. मी ओरडून विचारलं, "काय हो, आई?"

बारा वाजता फाइल उघडली. आलेल्या गोष्टीला ना पाठवणाऱ्याचा पत्ता ना काही मजकूर, नुसती एकसारखी धार. एकसारखी धार म्हणजे बहुतेक आवाज. फोनवरचं बोलणं जसं साठवतात तशी ती उघडून मी वाजवली.

पंख्याचा आवाज. आमच्याच पंख्याचा, प्रत्येक फेरीला एक टक करणारा. कीबोर्डची टकटक. खुर्चीची करकर. मग लांबून, जिन्याखालून, सासूबाई: "अगं, पार्सल आलंय गं!"

आणि अगदी जवळून, माइकला ओठ लागावेत इतक्या जवळून, एक बाई म्हणाली, "आले."

मी पुढे ऐकत राहिले. 'काय हो, आई' कुठेच नव्हतं. हीच खोली, हीच वेळ, हाच पंखा. फक्त मी त्यात नव्हते.

दुसऱ्यांदा वाजवायची हिंमत झाली नाही. त्याऐवजी नियम कोणी परत घातला ते शोधलं. नोंद स्पष्ट होती. अकरा नऊ, खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, बाबा.

५

बाबा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून होते.

"मर्यादा तुम्ही घालता," मी म्हणाले.

"हो."

"चौसष्टच का?"

"एका माणसाच्या आवाजाला तेवढी जागा पुरते. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक बोलण्याला आम्ही तेवढीच द्यायचो." त्यांनी पेपराची घडी घातली. "म्हटलं आवाज यायचा तर येऊ दे. बाकीचं नको."

"बाकीचं म्हणजे?"

त्यांनी घडी आणखी बारीक केली. मला सासूबाईंनी पाहिलेली पाठ आठवली. मंगळवारी मर्यादा मी उडवली होती.

"तो पोर्ट बंद का नाही करत?"

"कार्डच काढून ठेवलं होतं एकदा. त्या दिवशी ते पोर्टमधून आलं नाही."

"म्हणजे आलंच नाही?"

"पोर्टमधून आलं नाही," बाबा पुन्हा म्हणाले, आणि त्यांची नजर जिन्याकडे गेली.

"मग उद्यापुरतं मशीनच बाजूला ठेवू. लाइन थेट माझ्या लॅपटॉपला."

"आणि मध्ये कोण राहणार?"

मशीन मध्ये हवंच होतं. मोबाइलच्या नेटवर काम करावं, तर रक्तपेढ्यांचा सर्व्हर फक्त या घराच्या लाइनला दार उघडतो. गुरुवारचा मुहूर्त बदलावा, तर नऊ पेढ्यांना महिन्याभरापूर्वी कळवलेलं. आणि चौसष्ट किलोबिटमध्ये नऊ पेढ्या न्यायच्या, तर माझ्या नातवंडांनी काम पुरं केलं असतं.

"कोण आहे ते, बाबा?"

"मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. विचारलं की उत्तर देतं."

मग माझ्या डोक्यात ठिणगी पडली. भीतीच्या खाली एक वेगळंच काहीतरी खवळत होतं. कोणीतरी चुकीच्या जागी गाठ मारलेली दिसली की माझे हात शिवशिवतात.

"बाबा, तुम्ही मर्यादा घराच्या बाजूला घातलीत. एकाला आवळायला अख्खं घर आवळलंत."

"मग? येणाऱ्याला कुठे आवळता येतं? मशीन जे पुढे सोडतं तेवढंच आवळू शकतं. येतं ते येतंच."

"येतं. पण आलेल्या पाहुण्याला आपण थेट माजघरात नेतो का? मी मशीनच्या आत एक खोटं दार करते. नुसतं नावाचं, त्याला ना तार ना दिवा. तिसऱ्या पोर्टमधून येईल ते सगळं आधी त्या दाराकडे वळवायचं. त्या दारातून पुढे सोडताना आवळायचं. घर मोकळं, तो एकटाच रांगेत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक्स्चेंजमध्ये नव्या माणसाकडे बघत असतील तसं.

"अडवायचं नाही," ते सावकाश म्हणाले.

"नाही. फक्त हळू करायचं."

"चौसष्ट?"

"आठ. आवाजसुद्धा नको मला त्याचा."

६

नवरा संध्याकाळी कामावरून आला तेव्हा मी नियम लिहीत होते.

"तुला माहीत होतं का रे, या खोलीतलं? अकरा ते बारा?"

"काय ते?" त्याने बूट काढत विचारलं. "त्या वेळी मी घरी असतोच कुठे? आधी शाळा, मग कॉलेज, आता ऑफिस."

"आणि रविवारी?"

"रविवारी बाबा आम्हाला बाहेर न्यायचे. न चुकता. पाऊस असला तरी..." तो एका बुटावर थांबला. "अगं, हे कधी लक्षातच आलं नाही माझ्या."

"उद्या रजा टाकू का?" मी सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं.

"नको. तू ऑफिसात जाऊन तुझे नकाशे काढ. तू इथे बसलास तर मला दोघांकडे लक्ष ठेवावं लागेल."

"दोघांकडे?"

"सर्व्हरकडे आणि तुझ्याकडे," मी म्हणाले.

७

गुरुवारी बाबांनी सासूबाईंना भाजी आणायला पाठवलं. स्वतः खाली कॉम्प्युटरपाशी बसले, हात मांडीवर ठेवून. जुना नियम घालायचा नाही असं ठरलं होतं. "काही झालं तर आवाज दे," ते म्हणाले आणि लगेच सुधारलं, "आवाज नको. टेबलावर तीन थापा मार."

अकरा दहा. दिवा लागला. मी आलेखाकडे पाहिलं. घराची लाइन मोकळी, पूर्ण, खळाळती. खोट्या दारापाशी रांग वाढत होती. आठमधून जेवढं जाईल तेवढं जात होतं, बाकीचं बाहेर ताटकळत होतं. मला हसू आलं.

सव्वाअकरा. मॅडमचा आवाज कानात: "सुरू कर."

पहिली पेढी गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी मॉनिटरच्या वरच्या कडेपलीकडे, जिथे नुसती भिंत दिसायला हवी, तिथे हवेत एक काळी रेघ होती.

पडद्यावरचा डाग असेल म्हणून मी मान हलवली. रेघ पडद्यावर नव्हती. पडद्याच्या पलीकडे होती. आणि तिच्याखाली दुसरी रेघ येत होती. जुन्या मंद लाइनवर फोटो उघडायचा तसं. वरून खाली, एकेक ओळ, थांबत थांबत. केस. मधोमध नाही, जरा डावीकडे पाडलेला भांग. त्याच्या खाली काही नाही, फक्त भिंत.

टेबलाच्या पलीकडे कोणीतरी माझ्याकडे तोंड करून बसत होतं. आठ किलोबिटच्या वेगाने.

चौथी पेढी. पाचवी. माझी बोटं चालत होती, कारण त्यांना दुसरं काही येत नाही. डोळे आलेखावर ठेवायचे आणि कडेने वर बघायचं नाही, असं ठरवलं. पण कडेने दिसतंच. ओळी आता थांबत नव्हत्या. कपाळ आलं, एका दमात, जणू कोणी पडदा खाली ओढला. माझी मर्यादा आठची होती. हे आठने येत नव्हतं.

कुठून येत होतं?

"सहावी घे," मॅडम म्हणाल्या. मी सहावी घेतली आणि दुसऱ्या खिडकीत माझेच नियम वाचले. आणि दिसली माझी चूक. आमच्यातले नवशिके करतात तीच, आणि घाईत मुरलेलेही करतात. नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटं दोन-चार प्रकारची असतात. मी फक्त जुन्या, नेहमीच्या प्रकाराला खोट्या दाराकडे वळवलं होतं. बाकीचे प्रकार शेजारून सरळ आत शिरत होते. पाहुण्याला रांगेत उभं करून मी मागचं दार उघडं ठेवलं होतं, आणि त्याला ते सापडलं होतं.

भुवया आल्या. डाव्या भुवईत एक बारीक चीर. मी सात वर्षांची असताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले होते, तिथली.

थापा माराव्यात असं वाटलं. पण बाबा वर येईपर्यंत चेहरा पूर्ण झाला असता. शिवाय मॅडम कानात होत्या, आणि सातवी पेढी वाट बघत होती. मी वर पाहिलं नाही. नियमातला एक शब्द खोडला. तिथे लिहिलं: सगळे.

एंटर.

ओळ थांबली. भुवयांच्या खाली, जिथे पापणी सुरू व्हायची तिथे, तशीच अडकली. हवेत, अर्धवट, थरथरत. खोट्या दारापाशी रांगेचा आकडा एकदम उसळला. काहीतरी जोर लावत होतं. आठमधून. पंख्याचा टक आणि पुढचा टक यांच्या मध्ये मला एक फाटका, ताणलेला आवाज ऐकू आला, इतका हळू की त्याचा शब्द होत नव्हता. नुसता एक 'आ', जो संपत नव्हता.

"तुझ्याकडे काही आवाज येतोय का?" मॅडमनी विचारलं.

"पंखा आहे," मी म्हणाले. "आठवी घेतली."

नववी पेढी अकरा सत्तेचाळीसला गेली. मॅडम म्हणाल्या, "झालं? सगळ्या?" मी म्हणाले, "सगळ्या." तिकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडम टाळ्या वाजवत नाहीत, त्या म्हणाल्या, "लाइन एकदाही अडकली नाही गं. नोकरी पक्की समज." मी धन्यवाद म्हणाले आणि उरलेली तीन मिनिटं पहिल्यांदाच सरळ समोर बघत बसले.

ते केस, ते कपाळ, ती चीर. डोळे नसलेलं ते माझ्याकडे बघू शकत नव्हतं. मी बघू शकत होते. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेली नाही. माझ्याच जागेवर बसलेली आहे.

अकरा पन्नास. भिंत कोरी.

८

बाबा धापा टाकत वर आले. काही न विचारता मॉनिटरसमोर वाकले आणि आकडे वाचायला लागले. चष्मा खालीच राहिला होता, तरी वाचले. रांगेत किती थांबलं, किती सांडलं, किती आत आलं. आत आलेल्यावर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले.

"कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"भुवयांपर्यंत."

"डोळे?"

"नाही."

ते टेबलाला टेकले. "मी एकदा डोळ्यांपर्यंत येऊ दिलं होतं," ते म्हणाले. मग पडद्यावरून नजर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोणासारखं दिसत होतं?"

"नीट दिसलं नाही," मी म्हणाले.

खाली दार वाजलं. सासूबाई भाजीवाल्याला नावं ठेवत आत येत होत्या, जड पिशव्या आणि मोठा आवाज घेऊन. बाबा आधी दचकले आणि मग हसले. या घरात आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. लहान मूल परीक्षा संपल्यावर हसतं तसं.

मी खुर्ची पुढे ओढली. आठचा आकडा खोडला आणि तिथे दोन लिहिला.

"उद्या नुसता भांग," मी म्हणाले. "परवा तोही नाही."